छडी, खोडी आणि गुरुशिष्यांचें नातें

शाळेंत मूल खोड्या करूं लागलें कीं, दोष मुलाचा, असा निवाडा आपण सहज देऊन मोकळे होतों. खोडी जणूं मुलाच्या पिंडांतच असते, आणि ती मोडून काढणें एवढेंच गुरुजींचें काम! शाळांचा इतिहास मात्र या समजुतीस पाठबळ देत नाहीं.

आपल्याकडील जुनी शाळा पंतोजींची. ती कोणाच्या ओसरीवर किंवा देवळांत भरे. धुळाक्षरें, मोडी आणि पावकी-निमकीचे पाढे हा तेथील अभ्यास. शिक्षा कडक असत: छडी, अंगठे धरणें, टांगून ठेवणें. शाळा चुकविणाऱ्या पोराची चार थोरलीं मुलें उचलबांगडी करून आणीत. तरी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. पंतोजींचा चरितार्थ गांवकऱ्यांनीं दिलेल्या धान्यावर नि पैशावर चाले, आणि पोरांचीं घरें त्यांस ठाऊक असत. नातें भयाचें होतें. पण नातें होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्यांत परीक्षेच्या निकालावरून शाळांस अनुदान देण्याची पद्धति आली. शिक्षकाची दृष्टि मुलांवरून तपासनिसाकडे वळली. छडी राहिली, ओळख मात्र विरळ होत गेली.

या दुखण्यावर नेमकें बोट ठेविलें तें भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनीं. दक्षिणामूर्ति संस्थेंत १९२० सालीं त्यांनीं बालमंदिर काढिलें. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकांतील कल्पित शिक्षक चौथीचा वर्ग हातीं घेतो. पहिल्या दिवशीं तो मुलांस शांततेचा खेळ खेळावयास सांगतो, आणि वर्गांत एकच गोंगाट उडतो. दुसऱ्या दिवशीं तो गोष्ट सांगूं लागतो; तींच मुलें त्याच्याभोंवतीं गोळा होऊन निमूट ऐकतात. मुलें एका रात्रींत सुधारलीं नव्हतीं. शिक्षकानें त्यांच्याकडे जाण्याची वाट बदलली होती.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं हेंच कार्य महाराष्ट्रांत आणिलें. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र उभारलें. अनुताई वाघ त्यांस तेथें मिळाल्या. गरीब वस्तींतलीं मुलें शाळेंत येईनात. त्यांस आळशी न ठरवितां बाईंनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. मुलांस न्हाऊं घालणें हाही तेथें शिकविण्याचाच भाग. पुढें १९५७ सालीं कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें, तेव्हां गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं शाळा कुरणांत भरली. पंतोजी मुलास उचलून शाळेंत आणवीत. येथें शाळाच उठून मुलाकडे गेली!

ज्या गोष्टी या मंडळींस अनुभवानें कळल्या, त्यांस पुढें शास्त्राचीही साक्ष मिळाली. अमेरिकेंतील ब्रिजेट हॅम्री व रॉबर्ट पियांटा यांनीं १७९ मुलांचा बालवर्गापासून आठव्या इयत्तेपर्यंत मागोवा घेतला. त्यांचा अभ्यास २००१ सालीं प्रसिद्ध झाला. बालवर्गांतच शिक्षकाशीं ज्यांचें नातें खटक्यांचें होतें, त्यांच्या पुढील वर्तनाशीं व अभ्यासाशीं त्याचा संबंध आढळला. आरंभापासून त्रासदायक ठरलेल्या मुलांत तर विशेषच. ज्यास आपण आधीं दूर लोटतों, त्यासच जवळिकीची गरज अधिक!

शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली, हें उत्तमच झालें. परंतु कायदा हातांतली छडी काढून घेऊं शकतो; तिच्या जागीं ममता ठेवूं शकत नाहीं. चाळीसपन्नास मुलांचा वर्ग आणि कागदपत्रांचा भार ज्या शिक्षकाच्या माथीं आहे, त्यानें मुलास ओळखावें तरी केव्हां? म्हणून आम्ही पालकांस एवढेंच सुचवितों: मुलाची तक्रार घरीं आली कीं, त्यानें काय केलें हें विचारण्यापूर्वीं, शाळेंत त्याला ओळखणारें कोणी आहे का, हें आधीं विचारावें.