घरचा संसार, पलटणीची हाक

भालकी तालुक्यातील आमच्या मेहकर परिसरात सैन्यभरतीची बातमी आली की गावोगावच्या मुलांची पहाटेची धाव सुरू होते. ‘प्रादेशिक सेना’ म्हणजे टेरिटोरियल आर्मीचे नाव निघाले की पालक हमखास विचारतात, “गुरुजी, ही पक्की नोकरी का?” या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शिरल्याशिवाय देता येत नाही.

नागरिकाने प्रसंगी सैनिक व्हावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. मराठेशाहीतील शिलेदार स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगीराला ते सरकारातून मिळे. इंग्रजी अमदानीत पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, इंडियन डिफेन्स फोर्स उभी राहिली आणि १९२० च्या कायद्याने इंडियन टेरिटोरियल फोर्स आली. स्वतंत्र भारताने प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ मध्ये केला. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले.

१९४८ हे साल आपल्या बिदर जिल्ह्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. ‘रझाकार’ या शब्दाचा अर्थच मुळी स्वयंसेवक! लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखाली हातात शस्त्र घेतलेल्या या स्वयंसेवकांनी काय केले, हे गोरट्याच्या हत्याकांडाने दाखवले. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि १७ तारखेला निजामी राजवट संपली. शस्त्रधारी स्वयंसेवकावर कायद्याचा लगाम नसेल तर काय होते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले. त्याच वर्षी देशाने स्वयंसेवकांची दुसरी सेना कायद्याने बांधली. प्रादेशिक सेनेचा जवान स्वेच्छेने येतो. पण सेवेवर व प्रशिक्षणावर असताना त्याला लष्करी कायदाच लागू असतो. दोहोंतील फरक हाच.

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. ही पूर्णवेळ नोकरी नव्हे. वय १८ ते ४२, शरीर धडधाकट आणि पोटापाण्याचा स्वतःचा उद्योग, ही तिची मूळ बैठक. वर्षातून साधारण एक-दोन महिने प्रशिक्षण असते. त्या काळाचा पगार मिळतो, एरवी मिळत नाही. निवृत्तिवेतन नाव नोंदवताच पदरात पडत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष सेवेची ठरावीक वर्षे भरावी लागतात. मात्र सरकारने पलटण सेवेत बोलावली की पेरणी असो वा घरचे लग्न, जावेच लागते. परतल्यावर मालकाने त्याला पूर्वीच्या कामावर घ्यावे, अशी तरतूद कायद्यात आहे. शेताला मात्र असा कायदा नाही! मागे औत कोण हाकणार, हे घरात आधी ठरलेले बरे.

ही हाक कागदावरची नाही. १९६२, १९६५ व १९७१ या युद्धांत या पलटणी कामी आल्या. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हाही त्यांना बोलावण्याचे अधिकार केंद्राने लष्करप्रमुखांना दिले. कोल्हापूरची १०९ आणि पुण्याची १०१ या मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या प्रादेशिक पलटणी आपल्या भाषेच्या मुलखातल्याच.

सीमाभागातील पालकांना आणखी एक सुचवतो. आपली कागदपत्रे कुठे कन्नडात, कुठे मराठीत, जुनी तर उर्दूत. शाळेचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार यांवरील नाव व जन्मतारीख एकच आहे का, हे भरतीची जाहिरात निघण्याआधी ताडून पाहा. धावण्यात पहिला आलेला मुलगा एका अक्षरासाठी अडू नये.

मुलाला रोजगार हवा असेल तर तो आधी शोधावा. रोजगार सांभाळून देशाचे देणे फेडायचे असेल, तर या सेनेचे दार खुले आहे. आत जाताना घरच्यांशी बोलून, सर्वांच्या संमतीने जावे. कारण नाव एकाचे नोंदले जाते आणि सेवा सारे घर करते.