1707चा करार, 2014चा कौल

18 सप्टेंबर 2014 रोजी स्कॉटलंडच्या मतदारांपुढे एकच प्रश्न होता: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? 84.6 टक्के लोकांनी मतदान केले. त्यांतले 55.3 टक्के ‘नाही’ म्हणाले, 44.7 टक्के ‘होय’. तेव्हापासून या निकालाचे एक सोपे स्पष्टीकरण रूढ झाले आहे. ज्यांचे मन इतिहासात आणि अस्मितेत गुंतले होते त्यांनी ‘होय’ म्हटले, ज्यांना पगार-पेन्शनची काळजी होती त्यांनी ‘नाही’ म्हटले, असे ते स्पष्टीकरण. मला ते पटत नाही, कारण त्यात सामान्य माणसाच्या विचाराला काही किंमतच उरत नाही. स्कॉटलंडचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तिथल्या कष्टकरी आणि मध्यमवर्गीय माणसाने इंग्लंडशी असलेल्या एकीकरणाकडे कायम एक करार म्हणून पाहिलेले दिसते. आपण काय दिले आणि बदल्यात काय मिळाले, याचा हिशोब त्याने वेळोवेळी मांडला. 2014 साली दोन्ही बाजूंच्या मतदारांनी तोच हिशोब मांडला. उत्तरे मात्र वेगवेगळी आली.

करार झाला तेव्हा या माणसाला कोणी विचारले नव्हते. पनामाच्या किनाऱ्यावर दारिएनला वसाहत उभारण्याचा स्कॉटिश प्रयत्न 1700पर्यंत पार फसला होता, देशातले भांडवल त्यात बुडाले होते, आणि इंग्लंडने एकीकरणाच्या बदल्यात सुमारे चार लाख पौंडांची भरपाई देऊ केली होती. एडिनबराच्या संसदेत सरदार आणि जमीनदार बसत. त्यांनी जानेवारी 1707मध्ये करार मंजूर केला. बाहेर नगरानगरांतून आणि चर्चच्या परगण्यांतून विरोधाचे अर्ज येत होते, एडिनबरा आणि ग्लासगोत दंगली झाल्या, डम्फ्रीजच्या चौकात कराराची कलमे जाळली गेली. तरीही या विरोधाला निव्वळ राष्ट्राभिमान म्हणणे चुकीचे ठरेल. अर्जांमध्ये नव्या करांची, इंग्लिश मालाशी होणाऱ्या स्पर्धेची आणि आपल्या चर्चच्या भवितव्याची चिंता होती. ती अनाठायी नव्हती. 1725 साली माल्टवर, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या जवावर, कर बसला. रोजच्या पेयाची किंमत वाढणार हे दिसताच ग्लासगोत जमावाने शहराच्या खासदाराचे घर फोडले आणि सैनिकांच्या गोळीबारात माणसे मेली. एकीकरण म्हणजे काय, हे सामान्य माणसाला पहिल्यांदा कळले ते असे.

मग हाच करार पुढे अडीचशे वर्षे टिकला कसा? त्याचे उत्तर साम्राज्यात आहे, आणि त्याचा पुरावा मराठी वाचकाला घरबसल्या सापडतो. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्याचा कारभार पाहणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, त्याच्यानंतरचा गव्हर्नर जॉन माल्कम, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन हे सगळे स्कॉटिश. ही झाली वरच्या थरातली नावे. त्यांच्यामागे सैनिक, इंजिनिअर, जहाजांवरचे मेकॅनिक आणि मळ्यांवरचे मुकादम अशी हजारो माणसे होती. डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागावर चालत. क्लाइड नदीकाठच्या गोद्यांत बांधलेली जहाजे जगभर जात. क्लाइडबँकच्या प्रचंड कारखान्यात सिंगरची शिलाई मशिने तयार होत. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था, चर्च आणि शाळा 1707नंतरही स्वतंत्र राहिल्या होत्या, त्यामुळे स्कॉटिश असणे आणि ब्रिटिश असणे यांत निवड करावी लागत नव्हती. या सुबत्तेची किंमत आपल्याकडच्या लोकांनी मोजली, हे विसरून हा इतिहास लिहिता येत नाही. पण तिथल्या कामगाराच्या हिशोबात करार फायद्याचा होता.

साम्राज्य मावळू लागले तेव्हा कराराला दुसरा आधार मिळाला. 1948 साली राष्ट्रीय आरोग्य सेवा आली. कोळसा आणि रेल्वे सरकारी मालकीच्या झाल्या. नगरपालिकांनी भाड्याच्या घरांच्या वसाहती उभारल्या. सत्तरच्या दशकाअखेर निम्म्याहून अधिक स्कॉटिश कुटुंबे अशा घरांत राहत होती. आता ब्रिटन म्हणजे दवाखाना, पेन्शन, घर आणि नोकरी. 1955च्या निवडणुकीत एकीकरणवादी पक्ष आणि त्यांच्या मित्रांना स्कॉटलंडमध्ये निम्म्याच्या वर मते मिळाली होती. त्याच परंपरेच्या कॉन्झर्वेटिव्ह पक्षाला 1997 साली तिथे एकही जागा मिळाली नाही. 1955 आणि 1997च्या मध्ये लोकांचे स्कॉटिशपण अचानक वाढले असे कोणी म्हणणार नाही. मध्ये काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे: सिंगरचा कारखाना 1980 साली बंद झाला, रेव्हन्सक्रेगचा पोलाद कारखाना 1992 साली, डंडीतला टाइमेक्सचा 1993 साली. वादग्रस्त दरडोई कर इंग्लंडच्या एक वर्ष आधी, 1989 साली, स्कॉटलंडवर लादला गेला. ज्या सरकारला आपण निवडून दिलेच नाही ते आपल्या गावाचा निकाल लावते, ही भावना तेव्हा घराघरांत पोचली. 1979च्या सार्वमतात स्वतंत्र विधिमंडळाच्या बाजूने 51.6 टक्के मते पडली, पण एकूण मतदारांच्या 40 टक्क्यांची अट पुरी झाली नाही. 1997 साली त्याच मागणीला 74 टक्के मते मिळाली. सामान्य माणसाचे मत वळले ते या अठरा वर्षांत.

म्हणूनच 2014च्या निकालाचा नकाशा नीट पाहायला हवा. बत्तीस विभागांपैकी फक्त चार ‘होय’ म्हणाले: डंडी, ग्लासगो, पश्चिम डनबार्टनशर आणि उत्तर लॅनर्कशर. अनुक्रमे ताग, जहाजे, शिलाई मशिने आणि पोलाद यांचे हे जुने भाग. अस्मिता निर्णायक असती तर गेलिक भाषा जिथे अजून घरांत बोलली जाते त्या पश्चिमेच्या बेटांनी ‘होय’ म्हटले असते; तिथे सुमारे 53 टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले. स्कॉटलंडच्या राष्ट्रवादी पक्षाला वर्षानुवर्षे निवडून देणाऱ्या मोरे, अँगस आणि पर्थशरनेही ‘नाही’ म्हटले, कारण तिथल्या शेतकऱ्यांना, मच्छीमारांना आणि निवृत्तांना करार अजून पाळला जात होता असे वाटत होते. ‘होय’ आला तो जिथे करार मोडला असे लोकांना वाटत होते तिथून.

यावर पहिला आक्षेप असा, की लोक घाबरले. पौंड वापरता येणार नाही, बँका जातील, पेन्शन अडकेल असे त्यांना सांगितले गेले, आणि शेवटच्या आठवड्यात तीन ब्रिटिश पक्षनेत्यांनी जास्त अधिकारांचे वचन दिले. हे सगळे घडले, पण ‘नाही’ची आघाडी त्याच्या फार आधीपासून होती; ‘होय’ पुढे असल्याचे दाखवणाऱ्या चाचण्या विरळाच. शिवाय पेन्शनची काळजी करणाऱ्या वृद्धाला भित्रा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आयुष्यभर हप्ते भरल्यावर परतावा कोण देणार, हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मतदानानंतरच्या अभ्यासात स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्यांचा कल किंचित ‘होय’कडे दिसला, तर ब्रिटनच्या इतर भागांत जन्मलेले बहुसंख्येने ‘नाही’कडे. म्हणजे अस्मितेचा वाटा होता, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण स्कॉटिश जन्माचे जवळपास निम्मे मतदार तरीही ‘नाही’ म्हणाले. जन्मस्थान त्यांचे मत ठरवू शकले नाही. 2011च्या एका पाहणीत वर्षाला 500 पौंडांचा फायदा होणार असेल तर 65 टक्के लोक स्वातंत्र्याला तयार होते, तेवढाच तोटा होणार असेल तर फक्त 21 टक्के. हे आकडे लोकांच्या स्वार्थीपणाचा पुरावा म्हणून मांडले जातात. ज्या घरात महिनाअखेरीचा हिशोब जुळवावा लागतो त्या घराला राज्यघटनेचा प्रश्नही त्याच वहीत मांडावा लागतो, एवढेच ते सांगतात.

मतदानाचा हक्क कोणाला होता हेही पाहण्यासारखे आहे. लंडनला गेलेल्या स्कॉटिश माणसाला मत नव्हते. ग्लासगोत राहून नोकरी करणाऱ्या पोलिश माणसाला होते, आणि राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून एडिनबरा-अॅबर्डीनमध्ये रीतसर स्थायिक भारतीयांनाही होते, मग ते मराठी असोत वा पंजाबी. सोळा-सतरा वर्षांची मुलेही प्रथमच मतदार झाली. रक्ताच्या नात्यावर उभी राहिलेली चळवळ असती तर हा नियम टिकला नसता. इथे जो राहतो, कर भरतो आणि दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो तो कराराचा भागीदार, हे दोन्ही बाजूंनी मान्य केले.

दोन वर्षांनी कराराचे एक महत्त्वाचे कलमच बदलले. 2014 साली ‘नाही’च्या बाजूने एक मुद्दा होता की ब्रिटनमध्ये राहिलो तरच युरोपीय संघातली जागा सुरक्षित राहील. 2016मध्ये स्कॉटलंडच्या 62 टक्के मतदारांनी त्या संघात राहण्याचा कौल दिला, आणि तरीही त्यांना बाहेर पडावे लागले. 2022 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पुन्हा सार्वमत घेण्याचा कायदा करण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला नाही. त्यानंतरही जनमत निम्म्या-निम्म्यावरच रेंगाळते आहे, कारण युरोप गेला तरी स्कॉटलंडच्या मालाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आजही इंग्लंडच आहे.