तिकीट नेमकं कशाचं?

नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ माळेगाव आहे. मार्गशीर्षात तिथं खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोड्यांचा, गाढवांचा बाजार, वाघ्या-मुरळी, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं आणि रात्री तमाशाचे फड. ज्यांनी हे फड जवळून पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल, की स्टेजच्या मागं कलावंतांच्या राहुट्या असतात. तिथंच चूल, तिथंच झोळीत निजलेलं लेकरू आणि तिथंच तोंडाला रंग लावणं. कलावंताचा संसार आणि आपण यांच्यामध्ये असते फक्त एक कनात. आपण तिकीट काढतो ते कनातीच्या अलीकडचं. पण पलीकडं डोकावण्याचा मोह सुटत नाही. कुणी डोकावलं आणि आतून शिवी आली, की आपणच म्हणतो, ‘काय माज चढलाय!’

श्रोतेहो, आजचं बोलणं या कनातीबद्दल आहे. नटानं आपल्याशी कसं वागावं, त्यानं रागवावं की नाही, त्याचं खासगी आयुष्य किती आपलं आणि किती त्याचं, हा प्रश्न आजच्या मोबाइलच्या काळात निर्माण झालेला नाही. तो शंभर वर्षांहून जुना आहे.

आधी आपल्या भागाचं सांगतो. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. लातूर तर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. मराठी नाटक-सिनेमाची मोठी केंद्रं पुणे, मुंबई, कोल्हापूर. ती सगळी हद्दीच्या पलीकडं. त्यामुळं नामवंत नट आपल्याकडं भेटायचा तो क्वचित, नाहीतर पडद्यावर किंवा छापील फोटोत. लांबच्या माणसाची आपण मनात मूर्ती करतो आणि मूर्ती रागावत नसते. आपल्या अपेक्षांचं मूळ काही अंशी या अंतरात आहे.

मूर्ती घडली ती मात्र बालगंधर्वांच्या काळात. १२ मार्च १९११. मुंबईच्या रिपन थिएटरमध्ये खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढं ढकलावा, असं कंपनीतल्या लोकांना वाटत होतं. बालगंधर्वांनी ऐकलं नाही. ते भामिनी म्हणून रंगमंचावर उभे राहिले, गायले. ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या कौतुकानं सांगत आलो, आणि कौतुक खरंच आहे. पण त्या कौतुकातून एक मापही तयार झालं. खरा कलावंत तो, जो स्वतःचं दुःख बाजूला ठेवून आपल्यासाठी उभा राहतो. बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. त्यांच्या नम्रतेत खोट नव्हती. पण प्रेक्षकांच्या नाण्यावर सगळी नाटकमंडळी जेवत होती, हेही विसरून चालणार नाही. नट मायबाप म्हणाला आणि आपण खरोखरच त्याचे आई-बाप झालो. आई-बापांना लेकराच्या घरात शिरायला परवानगी लागत नाही, असं आपण समजून बसलो.

पुढं त्याच बालगंधर्वांच्या आयुष्यात गोहरबाई कर्नाटकी आल्या, तेव्हा महाराष्ट्रानं काय केलं? ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्यांतल्या अनेकांनी पाठ फिरवली. प्रश्न त्या दोघांच्या घरातला होता. निकाल मात्र चौकाचौकांत लागला.

आता दुसरं उदाहरण पाहा. शांता आपटे. जन्म सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीचा. १९३७ साली ‘प्रभात’चा ‘कुंकू’ आला. त्यात म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलेली नीरा ही तरुणी ते लग्न मानायला नकार देते. शांताबाईंच्या त्या संतापाला प्रेक्षकांनी भरभरून दाद दिली. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, करारावरून वाद झाला, तेव्हा याच शांताबाई पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. एका सिनेमासिकाच्या संपादकांनी त्यांच्याविषयी वाईट लिहिलं, तेव्हा त्या छडी घेऊन त्यांच्या कचेरीत शिरल्या, असाही किस्सा त्या काळापासून सांगितला जातो. पडद्यावरच्या नीरेचा राग लोकांना स्त्रीचा स्वाभिमान वाटला होता. फाटकासमोर बसलेल्या शांताबाईंचा राग मात्र गावगप्पांचा विषय झाला. बाई तीच, राग तोच. फरक इतकाच, की पहिल्या रागाचं तिकीट आपण काढलं होतं. १९४० साली शांताबाईंनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात माणसाची पिळवणूक कशी होते ते मांडलं. त्यांचा संताप किती आठवला जातो आणि त्यांचं पुस्तक किती वाचलं जातं, याचा हिशेब आपणच करावा.

याच्या अगदी उलट गोष्ट निळू फुल्यांची. पडद्यावर खलनायक, खेड्यातला बेरकी, बायकांवर वाईट नजर ठेवणारा पाटील-सरपंच. प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात वाढलेला, साधा, चळवळीतल्या कार्यकर्त्यांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा करायला गावोगाव फिरणारा माणूस. तरी बायाबापड्या त्यांना पाहून खरोखर बोटं मोडायच्या. निळूभाऊ यावर चिडत नसत. ती आपल्या कामाची पावतीच मानत. नीरेला टाळ्या आणि शांताबाईंना बोल, पडद्यावरच्या पाटलाचे शाप मात्र थेट निळूभाऊंना. दोन्हीकडं चूक एकच झाली. भूमिका आणि माणूस यांच्यामधली कनात आपल्याला दिसली नाही.

अलीकडचं उदाहरण नाना पाटेकरांचं. १९९४ च्या ‘क्रांतिवीर’मधल्या त्यांच्या संतापावर थिएटरं दणाणली. २०१५ च्या दुष्काळात तेच नाना मकरंद अनासपुरेंबरोबर बीड-लातूरकडं आले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांच्या हाती पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश दिले. त्यातून ‘नाम फाउंडेशन’ उभं राहिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये वाराणसीत चित्रीकरण चालू असताना सेल्फी घ्यायला जवळ आलेल्या एका मुलाच्या डोक्यावर त्यांनी चापट मारली. काही सेकंदांचं ते दृश्य देशभर फिरलं. तालमीचा भाग समजून हे घडलं, असं सांगून नानांनी माफी मागितली. मुलावर हात टाकणं चूकच. मदत केली म्हणून चापट माफ होत नाही आणि चापट मारली म्हणून मदत खोटी ठरत नाही. पण आपल्याला एकाच माणसात दोन गोष्टी मावलेल्या चालत नाहीत. आपल्याला देव तरी हवा, नाहीतर दानव.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नटाचा राग समजून घ्यायचा म्हणजे त्याला सगळं माफ करायचं, असं नव्हे. सेटवरच्या हाताखालच्या पोरावर, नव्या नटीवर, ड्रायव्हरवर जो राग निघतो तो ‘कलावंताचा स्वभाव’ नसतो. ती सत्तेची मस्ती असते. तिथं खासगीपणाचा पडदा पुढं करता येणार नाही. आपल्या घराच्या दारात उभं राहून ‘आत येऊ नका’ म्हणणारा राग वेगळा आणि दुबळ्यावर उगारलेला हात वेगळा. या दोन्हींना ‘माज’ हा एकच शब्द वापरून आपण मोठी गफलत करतो.

लातूरकरांना एक दिवस आठवत असेल. १५ ऑगस्ट २०१२. विलासराव देशमुखांवर बाभळगावात अंत्यसंस्कार झाले. लोटलेली गर्दी प्रेमाची होती, त्यात शंका नाही. पण वडिलांना निरोप देणाऱ्या मुलांमध्ये एक नामवंत नट होता आणि कॅमेरे सारखे त्याच्या चेहऱ्यावर जात होते. १९११ साली बापाचं दुःख रंगाखाली झाकलं गेलं. २०१२ मध्ये मुलाचं दुःख घरोघरच्या टीव्हीवर गेलं. आपल्या हक्काचं दोन्हीही नव्हतं.

आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि कनातीला भोक पाडायला हाताचीही गरज उरलेली नाही. कपडे बदलणाऱ्या नर्तिकेचं चोरून चित्रीकरण करून ते गावभर पाठवण्याचे प्रकार आपल्याच महाराष्ट्रात घडले आहेत. त्याविरुद्ध ती ओरडली तर तिला रागीट म्हणायचं का?

पुढच्या मार्गशीर्षात माळेगावला गेलात, तर फडात पुढं बसा, मोकळेपणानं दाद द्या, पटलं नाही तर उठून या. तो सगळा तुमचा हक्क, कारण त्याचं तिकीट तुम्ही काढलंय. मागच्या राहुटीत भाकरी भाजणाऱ्या, लेकराला पाजणाऱ्या बाईचं तिकीट मात्र कुणीच काढलेलं नसतं.