खोगीरभरती : एका शब्दाचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात राखीव जागा भरण्याची जाहिरात निघाली. शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "चला, खोगीरभरती सुरू झाली म्हणायची." सगळे हसले. मी हसलो नाही असे लिहिले तर ते खोटे होईल; सवयीने मीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो शब्द डोक्यातून जाईना. खोगीर म्हणजे नेमके काय, ते भरतात कशाने आणि भरतो कोण, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

खोगीर म्हणजे घोड्याची पाठ आणि जीन यांच्यामध्ये घालायची जाड गादी. जिनाशिवाय नुसत्या खोगिरावर बसणारेही पुष्कळ असत, म्हणून पुढे जिनालाही लोक खोगीरच म्हणू लागले. शब्द फारसीतून आलेला. त्याचा मूळ अर्थ घाम घेणारा. 'गीर' म्हणजे घेणारा, धरणारा. मराठी फौजेतला बारगीर आठवा. बार म्हणजे ओझे. म्हणजे बारगीर ओझे घेणारा आणि खोगीर घाम घेणारे. बारगिराला इतिहासात जागा मिळाली. खोगिराच्या पोटात जे भरले होते ते मात्र भाषेने क्षुद्रपणाचे, निरुपयोगीपणाचे नाव करून टाकले.

निरुपयोगी? घोड्याला विचारावे. स्वाराचे आणि जिनाचे सगळे वजन पाठीवर येते. ते कण्यावर पडले किंवा एकाच जागी टोचत राहिले, तर कातडी सोलते, सूज येते, पू होतो. याला घोड्याची पाठ लागणे म्हणतात. पाठ लागलेला घोडा कितीही उमदा असला तरी तो स्वारीच्या कामाचा राहत नाही. म्हणून जाणता कारागीर खोगीर दोन्ही अंगांना भरतो आणि मध्ये कण्यासाठी पन्हळ मोकळी ठेवतो. जाड कापडाच्या दोन पदरांत लोकर, कापूस, केस, नाहीच काही मिळाले तर गवत भरायचे आणि टाके घालून ते जागच्या जागी धरायचे. यात लोकर उत्तम, कारण ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. लोकर भिजवून, दाबून केलेला नमदाही चांगला. त्याला शिवण नसते, म्हणून शिवण घासतही नाही. भरती फार जाड झाली तर जीन डुलते. पाठीला न बसणारे जीन जाड गादीने दुरुस्त होत नाही. तंग जोड्यात आणखी एक मोजा घातल्यासारखे होते. घामाने भरतीच्या गाठी झाल्या की टाके उसवायचे, आतले पिंजायचे आणि पुन्हा भरायचे. चढवताना खोगीर थोडे पुढे ठेवून मागे सरकवायचे, म्हणजे त्याखालचे केस सरळ बसतात. आत एक कुसळ राहिले तरी दहा कोसांत जखम होते.

हे ज्ञान कोणाचे? जीनगर या जातीच्या नावातच जीन आहे. कातडे कमावणारे, लोकर कातरणारे, कापूस पिंजणारे यांचेही हात त्यात आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांना एक पखालजी व एक नालबंद. पखालीचे कातडे कोणी कमावले, खोगीर कोणी भरले, हे त्या रचनेत येत नाही. 1670च्या दशकात चिपळूणच्या छावणीला महाराजांनी पाठवलेले पत्र आपण अभिमानाने वाचतो. दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, ही त्यातली काळजी खरीच मोठी आहे. पण गवताचा प्रश्न निघाला की मला गवताचा भारा दिसतो, आणि भाऱ्याखालचे डोकेही.

कारण तो भारा पुढेही आमच्याच डोक्यावर राहिला. गावात अंमलदार आला की गवत-लाकूड आणणे, घोडा धरणे, त्याची उस्तवार करणे ही महारांची वतनी कामे. 1874च्या वतन कायद्याने या चाकरीला कायद्याची चौकट दिली. चाकरी किती तास, याला मर्यादा नव्हती. वतनदार घरी नसला तर त्याचा बाप, भाऊ, जो सापडेल तो धरून नेत. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या अमर्याद चाकरीविरुद्धच. ते त्यांना मागे घ्यावे लागले. वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले.

माझ्या पणजोबांनी ही चाकरी केली. आजोबा तेव्हा लहान होते, बरोबर जात. ते सांगत, अंमलदार चावडीत गेला की पणजोबा आधी तंग सैल करीत; घोडा तापलेला असताना जीन एकदम उतरवायचे नाही. मग खोगीर काढून काठीने झटकायचे, हात फिरवून कुसळे वेचायची. घोड्याच्या घामाने चिंब झालेल्या त्या खोगिराला महाराचा हात लागलेला चाले. त्यावर थोड्या वेळाने साहेब बसे, त्यालाही विटाळ होत नसे. विटाळ चावडीच्या पायरीपासून सुरू होई.

आमच्या सहकाऱ्यांना यातले काही मी सांगितले नाही. सांगायला हवे होते. राखीव जागांपैकी दोन भरल्या. दोन्ही प्राध्यापक आज जादा तास घेतात, निकालाचे कामही त्यांच्याकडेच असते.

खोगीर उन्हात टाकताना घामाची बाजू वर ठेवायची, हे आजोबांना म्हातारपणीही पक्के आठवत होते. घोड्यावर बसल्यावर कसे वाटते, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "ते मला काय म्हाईत, बाबा?"