पायथॉनचे अंगभूत प्रकार : सोर्स कोडचा ठावठिकाणा

पायथॉन या संगणकभाषेत काहीही आयात न करता हाताशी असणारे इंट, स्ट्र, लिस्ट, डिक्ट इ. प्रकार. ग्विडो व्हान रॉसम यांच्या या भाषेची प्रमुख अंमलबजावणी, सीपायथॉन, सी भाषेत आहे. या प्रकारांचा कोडही सीमध्येच आहे. म्हणून इन्स्पेक्ट मॉड्यूलच्या गेटसोर्सला लिस्ट दिली की टाइपएरर येते. एडिटरमधून व्याख्येकडे गेल्यास बहुधा बिल्टिन्स.पीवायआय ही फाइल उघडते. तीत मेथडची नावे व प्रकार असतात, कृतीच्या जागी केवळ तीन टिंबे.

स्थान : सीपायथॉनच्या ऑब्जेक्ट्स या फोल्डरमध्ये लिस्टऑब्जेक्ट.सी, डिक्टऑब्जेक्ट.सी अशा फाइली आहेत. मात्र नावावरून शोध घेणारा इंटपाशी अडतो, कारण त्याचा कोड लाँगऑब्जेक्ट.सीमध्ये आहे, स्ट्रचा युनिकोडऑब्जेक्ट.सीमध्ये. पायथॉन २ मध्ये इंट व लाँग वेगळे होते. पायथॉन ३.० मध्ये (२००८) लाँगची अंमलबजावणी टिकली आणि तिला इंट हे नाव मिळाले. युनिकोड प्रकाराचे स्ट्र झाले ते याच रीतीने. भाषेने नावे बदलली तरी फाइलींनी जुनीच ठेवली. तेव्हा शोधाचा भरवशाचा धागा म्हणजे अंतर्गत नाव, उदा. पायलाँग_टाइप. या नावाच्या रचनेतील टीपी_मेथड्स तक्ता मेथडकडे नेतो. बेरजेसारखी चिन्हे मात्र टीपी_ॲज_नंबरखाली, एनबी_ॲड या खणात सापडतात. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिस्टसाठी रचलेल्या टिमसॉर्ट या क्रमवारी लावण्याच्या पद्धतीचे सविस्तर विवेचन लिस्टसॉर्ट.टीएक्सटी या फाइलीत, कोडच्या शेजारीच आहे.

महत्त्व : भाषेचा अर्थ दस्तऐवजावरून ठरवावा, एका अंमलबजावणीच्या कोडवरून नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. तो बऱ्याच अंशी रास्त आहे : −५ ते २५६ हे पूर्णांक सीपायथॉन आधीच तयार ठेवतो, पण त्यावर विसंबलेला प्रोग्रॅम अन्यत्र चुकू शकतो. तथापि दोहोंतील सीमा स्थिर नाही. डिक्टमधील नोंदींचा घालण्याचा क्रम ३.६ मध्ये (२०१६) नव्या आटोपशीर मांडणीमुळे टिकू लागला. त्यावेळी तो अंमलबजावणीचा तपशील म्हणून नोंदवला गेला. ३.७ पासून (२०१८) तोच भाषेचा नियम झाला. हा नियम कोठून आला, हे दस्तऐवजातील एका ओळीपेक्षा डिक्टऑब्जेक्ट.सी अधिक स्पष्ट सांगते.

इतर अंमलबजावण्या : पायपायमध्ये हे प्रकार आरपायथॉन या पायथॉनच्या मर्यादित रूपात लिहिलेले आहेत.