बोडलियन ग्रंथालयातील दुर्मिळ संग्रह

बोडलियन हे ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय. सर टॉमस बोडली याने जुन्या ग्रंथालयाचा जीर्णोद्धार करून ते 1602 मध्ये वाचकांसाठी उघडले. येथील ग्रंथ जागेवरच वाचायचे, घरी न्यायचे नाहीत, असा दंडक आहे. 1645 मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स याने एक ग्रंथ मागितला, तेव्हा ग्रंथपाल जॉन राउस याने नियमावर बोट ठेवून नकार दिला. पुढे क्रॉमवेललाही हाच अनुभव आला. नियमापुढे राजा आणि राजाचा वैरी सारखेच ठरले.

हस्तलिखिते, दुर्मिळ ग्रंथ व खासगी कागदपत्रे 2015 पासून बोडलियनच्याच वेस्टन ग्रंथालयात पाहता येतात. वाचकपत्र घेताना ग्रंथास इजा न करण्याची आणि आत आग वा ज्योत न पेटवण्याची शपथ घ्यावी लागते. सूचीतील अचूक क्रमांक देऊन मागणी आधीच नोंदवणे श्रेयस्कर, कारण साहित्य भांडारातून येण्यास वेळ लागतो. वाचनकक्षात शाईला मज्जाव असून टिपणे पेन्सिलीने घेतात. ग्रंथ सपाट न उघडता फोमच्या उतरत्या आधारावर ठेवतात, म्हणजे बांधणीवर ताण येत नाही. पाने उघडी राहावीत म्हणून त्यांवर कापडात गुंडाळलेली लांबट वजने ठेवतात. जुने ग्रंथ हातमोजे घालूनच हाताळावेत हा समज बहुधा चित्रपटांनी पसरवला असावा. कागदाला स्वच्छ, कोरडे हातच बरे, कारण मोज्यांनी बोटांची जाण कमी होऊन पान फाटू शकते.

भारतविद्येच्या अभ्यासकांना नेपाळचे पंतप्रधान चंद्र शमशेर यांनी 1909 मध्ये बोडलियनला दिलेला 6,000 हून अधिक, मुख्यतः संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह विशेष मोलाचा वाटतो.