खोळंबलेली आज्ञा : युनिक्समधील एका गृहीतकाचा इतिहास

कळंबा येथील एका संगणक प्रयोगशाळेतील साधा प्रसंग प्रस्तुत लेखास निमित्त ठरला. एका विद्यार्थ्याने लिनक्स यंत्रावर डिस्कची शिल्लक जागा दाखविणारी ‘डीएफ’ ही आज्ञा दिली आणि पडदा स्तब्ध झाला. थोडा वेळ वाट पाहून यंत्राची वीजच बंद करण्यात आली. त्यासरशी त्याच यंत्रावर दुसऱ्या खोलीतून काम करणाऱ्यांचे लेखन गेले आणि बिघाडाचा पुरावाही गेला. ‘संगणक हँग झाला’ हे विधान आपल्याकडे निदान म्हणून स्वीकारले जाते. वस्तुतः ती केवळ लक्षणाची नोंद होय. नळ कोरडा पडला म्हणून कोणी तोटी बदलत नाही, पाणी वाटेत कोठे अडले ते पाहतो. कळंबा तलावाच्या परिसरात हे वेगळे सांगावयास नको.

खोळंबलेली प्रक्रिया बहुधा कोणाची तरी वाट पाहत असते. ही प्रतीक्षा युनिक्सच्या रचनेतच आहे. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत कर्नेल प्रक्रियेला दोन प्रकारे निजवीत असे. टर्मिनलवरील अक्षराची वाट पाहणारी प्रक्रिया सिग्नल देऊन उठविता येई. डिस्कची वाट पाहणारी मात्र नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी केलेल्या भाष्यामुळे गाजलेल्या त्या संहितेत हा भेद एका अंकाच्या चिन्हावर, म्हणजे तो ऋण आहे की नाही यावर, अवलंबून होता. त्यामागील गृहीतक त्या काळी रास्तच होते. डिस्क क्षणार्धात उत्तर देते. मग अर्धवट काम तोडून माहितीची मोडतोड कशाला करावी?

१९८५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने नेटवर्क फाइल सिस्टिम, अर्थात एनएफएस, आणली आणि या गृहीतकाखालची जमीन सरकली. दूरच्या सर्व्हरवरील फाइल आता स्थानिक डिस्कसारखी दिसू लागली. पण सर्व्हर बंद पडल्यास उत्तर तासन्‌तास येईना. ‘हार्ड’ पद्धतीने जोडणी असल्यास ग्राहकयंत्र विनंती अखंड पाठवीत राहते. हा दोष नव्हे. चुकीची माहिती लिहिली जाण्यापेक्षा थांबलेले बरे, असा तो जाणीवपूर्वक केलेला निर्णय होता. प्रस्तुत लेखकास तो आजही योग्य वाटतो, जरी त्याची किंमत वापरकर्त्याने मोजली असली तरी.

निदानाची साधने स्वतंत्रपणे वाढली. १९८४ मध्ये टॉम किलियन यांनी चालू प्रक्रियांनाच फाइलचे रूप देणारी ‘प्रॉक’ ही कल्पना मांडली. १९९१ मध्ये पॉल क्रानेनबर्ग यांनी सनओएससाठी ‘स्ट्रेस’ लिहिले; पुढे ते लिनक्सवर आले. प्रक्रिया कर्नेलला काय विचारते हे ते ओळीओळीने दाखविते, आणि जी ओळ अपुरी राहते तेथे खोळंबा असतो. मात्र प्रक्रिया गाढ निद्रेत असेल, तर बाहेरून जोडलेले स्ट्रेसही बहुधा मुकाट बसते. अशा वेळी प्रॉकमधील ‘डब्ल्यूचॅन’ उपयोगी पडते. प्रक्रिया कर्नेलच्या कोणत्या फलनात निजली आहे, त्याचे नाव ते सांगते.

मूळ गृहीतकाची दुरुस्ती लिनक्समध्ये २००८ साली, २.६.२५ या आवृत्तीत झाली. मॅथ्यू विल्कॉक्स यांनी ‘टास्क किलेबल’ ही तिसरी अवस्था घातली : इतर सिग्नलांना निद्रा भंगत नाही, प्राणघातक सिग्नलाला मात्र भंगते.

पुढच्या आठवड्यात तोच विद्यार्थी पुन्हा अडला. या वेळी विजेच्या कळीला कोणी हात लावला नाही. ‘पीएस’च्या अवस्थेच्या रकान्यात ‘डी’ हे अक्षर दिसले, आणि डब्ल्यूचॅनमध्ये ‘आरपीसी वेट बिट किलेबल’ हे नाव. त्या शेवटच्या शब्दात २००८ ची दुरुस्ती जशीच्या तशी होती. जोडण्यांची यादी पाहिली असता शेजारच्या खोलीतील सर्व्हरचे नाव आढळले. तो कोणीतरी बंद करून ठेवला होता. तो सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ‘डीएफ’ने उरलेल्या ओळी आपणहून छापल्या.